डासजन्य विषाणुज्वरांचा पुनरुद्भव आणि व्याधिनामांचा प्रश्न

१

एखादा रोग पुन्हा आला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात दोन गोष्टी गृहीत असतात. आज आढळणारा रोग कोणता हे निश्चित झाले आहे, ही पहिली; आणि पूर्वी येऊन गेला तोही हाच होता, ही दुसरी. पहिलीचा निर्णय आज प्रयोगशाळेत लागतो. दुसरीचा निर्णय मात्र पुष्कळदा जुन्या कागदावर कोणीतरी लिहून ठेवलेल्या एका शब्दावर अवलंबून असतो. रोगी काळाआड गेलेला असतो, त्याचे रक्त कोणी राखलेले नसते. उरते ते केवळ नाव. म्हणून रोगाच्या पुनरुद्भवाचा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच शब्दार्थविचाराचाही ठरतो.

डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणुज्वरांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही ज्वर आज महाराष्ट्रात आढळलेले आहेत. तिहींचा प्रारंभ ताप, अंगदुखी आणि पुरळ यांनी होऊ शकतो, आणि तिहींचा प्रमुख वाहक एकच आहे. नावांची सरमिसळ होण्यास याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच असेल. या सरमिसळीचे तीन प्रकार संभवतात: नाव तेच राहते आणि व्याधीचे स्वरूप बदलते, व्याधी तीच राहते आणि नाव बदलते, किंवा व्याधी असते, पण तिला नावच मिळालेले नसते. या तीन प्रकारांची उदाहरणे पाहून, हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम वाहकाचा विचार करणे इष्ट होय. हे तिन्ही विषाणू मुख्यतः एडिस इजिप्ती या डासाची मादी पसरवते. हिवतापाचा वाहक जो अॅनोफिलिस, त्याच्याहून हिचे आचरण निराळे आहे. ती दिवसा चावते. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी अधिक. ती दूर उडत नाही. ज्या घराच्या आसपास जन्मते, त्याच्या काहीशे मीटरांच्या परिसरातच तिचे आयुष्य जाते. डबक्यांपेक्षा मनुष्याने साठविलेले स्वच्छ पाणी तिला प्रिय असते. रांजण, हौद, सिमेंटची टाकी, प्लास्टिकचे पिंप, गुरांची डोण, अंगणात पडलेला टायर ही तिची स्थाने. पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या आतील बाजूस ती अंडी घालते. ही अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने टिकतात आणि पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करावीत, हा ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा जो नियम आरोग्य खाते सांगते, त्याचे शास्त्रीय कारण हेच आहे. भांडे नुसते ओतून देणे पुरत नाही. ते घासले पाहिजे, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हा डास पावसाचा जितका आश्रित आहे, तितकाच पाण्याच्या टंचाईचाही आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात नळाला पाणी अनेक दिवसांआड येते, म्हणून घरोघरी ते साठविले जाते. आणि जेथे साठा, तेथे एडिस. उलट पक्षी, अतिवृष्टीनंतरही त्याची सोय होते. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले होते. पुराच्या वाहत्या पाण्यात हा डास वाढत नाही. परंतु पूर ओसरल्यावर फुटक्या भांड्यांत, टाकाऊ वस्तूंत आणि झाकण गेलेल्या टाक्यांत जे पाणी उरते, त्यात तो वाढतो. टंचाई आणि पूर या दोन्ही टोकांना जे गाव आलटून पालटून सामोरे जाते, तेथे वाहकाचा पूर्ण अभाव कधीच होत नाही. वाहक कायम असेल, तर विषाणू केव्हा आला, केव्हा गेला आणि परत आला तो कोणता, हे प्रश्न उरतात. येथून पुढचा भाग नावांचा आहे.

३

नाव तेच, पण व्याधीचे मूळ निराळे, या पहिल्या प्रकाराचे उदाहरण महाराष्ट्रातच मिळते. चिकुनगुन्याचा विषाणू भारतात प्रथम १९६३ साली कलकत्त्यात ओळखला गेला. १९६४-६५ मध्ये मद्रास, वेल्लोर, पाँडिचेरी, आंध्रच्या किनाऱ्यावरील शहरे आणि नागपूर, असा त्याचा प्रवास नोंदला गेला आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणुसंशोधन केंद्राने तिचा अभ्यास केला, त्यात आजारी पडलेल्यांचे प्रमाण ३७.५ टक्के आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली स्थापिलेली ही संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

बार्शीनंतर सुमारे बत्तीस वर्षे भारतात चिकुनगुन्याची मोठी साथ आली नाही. २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेशात तापाची साथ सुरू झाली आणि २००६ मध्ये ती कर्नाटक व महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली. त्या वर्षी देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी साडेसात लाखांच्या आसपास कर्नाटकात आणि अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. महाराष्ट्रात मालेगाव आणि मराठवाड्याचे जिल्हे विशेष पीडित झाले. बार्शीचा रोग परत आला, असे तेव्हा म्हटले गेले. नावाच्या दृष्टीने ते बरोबर होते. परंतु विषाणूंच्या जनुकीय रचनेची तुलना केली असता असे दिसून आले की, १९६३ ते १९७३ या काळातील विषाणू आशियाई कुलाचे होते, तर २००६ चे विषाणू पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी कुलाचे. बार्शीचा विषाणू बत्तीस वर्षे कोठे दडून बसला होता, हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. तो परतला नव्हता. त्याच्या जागी आफ्रिकी शाखेचा त्याचा भाऊबंद आला होता.

डेंगीच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडते. डेंगी हे एक नाव चार विषाणुप्रकारांना मिळून दिलेले आहे. एका प्रकारचा डेंगी होऊन गेला की त्या प्रकारापुरती दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती येते. इतर तीन प्रकारांपासून मात्र टिकाऊ संरक्षण मिळत नाही, आणि दुसऱ्या प्रकारची बाधा झाल्यास रोग गंभीर होण्याचा संभव वाढतो. ‘मागे डेंगी झाला होता, आता भय नाही’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण त्यातील ‘डेंगी’ या पदाचा अर्थ दोन प्रसंगी एकच धरल्यामुळे ते घातक ठरते.

४

दुसरा प्रकार, म्हणजे व्याधी तीच पण नाव निराळे, भाषाभ्यासकाला अधिक उद्बोधक आहे. झांझिबारमध्ये वैद्यकी करणाऱ्या जेम्स ख्रिस्ती या डॉक्टराने तेथे १८७० च्या सुमारास आलेल्या एका साथीचे वर्णन केले आहे. एकाएकी ताप, सांध्यांत तीव्र कळा, आणि ताप उतरल्यावरही कित्येक दिवस टिकणारा सांध्यांचा आखडलेपणा, असे तिचे स्वरूप होते. स्थानिक लोक स्वाहिली भाषेत तिला ‘किदिंगा पेपो’ म्हणत. यातील ‘पेपो’ म्हणजे भूत किंवा पिशाच्च; पिशाच्चामुळे एकाएकी येणारा पेटका, असा त्या नावाचा भाव सांगितला जातो. वृद्ध रहिवाशांनी ख्रिस्ती यांना सांगितले की, १८२३ च्या सुमारासही हाच रोग येऊन गेला होता आणि तेव्हाही त्याचे नाव हेच होते. म्हणजे रोगाच्या पुनरागमनाचा पुरावा तेथे लेखी दप्तराने दिला नाही, तर लोकांच्या तोंडी टिकून राहिलेल्या नावाने दिला.

१८२४-२५ मध्ये भारतात आणि १८२७-२८ मध्ये वेस्ट इंडीज बेटांत अशाच तापाच्या साथी आल्या. वेस्ट इंडीजमधील इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याला ‘डँडी’ ताप म्हटले. रोगी ताठरून, नखरेल माणसासारखा चालतो, असा त्यातील विनोद. क्यूबातील स्पॅनिश भाषकांनी त्याचेच ‘देंगे’ केले, कारण त्या भाषेत नखऱ्याचा अर्थ देणारा हा शब्द आधीच होता. आफ्रिकी ‘दिंगा’ हाच शब्द गुलामांबरोबर अटलांटिक ओलांडून या दोन रूपांत शिरला असावा, असे मत मांडले गेले आहे. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचे रूप देण्याची ही क्रिया भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणून ओळखली जाते. पुढे ‘डेंगी’ हेच नाव वैद्यकाने स्वीकारले.

वेल्लोर येथे विषाणुसंशोधन केलेले डॉनल्ड केरी यांनी १९७१ साली या सर्व वर्णनांची छाननी केली आणि असे प्रतिपादन केले की, झांझिबारची ती साथ डेंगीची नसून चिकुनगुन्याची असावी. दीर्घकाळ टिकणारी सांधेदुखी हे तिचे लक्षण डेंगीशी जुळत नाही, चिकुनगुन्याशी जुळते. हे मत मान्य केले, तर नावांचा इतिहास असा मांडता येतो: ‘डेंगी’ हा शब्द आरंभी ज्या रोगासाठी रूढ झाला, तो बहुधा आजचा चिकुनगुन्या होता. १९४३-४४ च्या सुमारास जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी डेंगीचे विषाणू वेगळे केले, तेव्हा ते नाव निराळ्याच विषाणूंना कायमचे चिकटले. मग १९५२-५३ मध्ये टांगानिकाच्या दक्षिण भागात सांधे वाकविणारा ताप आला, तेव्हा मूळ व्याधीला नवे नाव शोधावे लागले. ते मकोंदे भाषेतून आले. ‘चिकुनगुन्या’ म्हणजे वाकविणारा, पिळवटून टाकणारा. अनेक जुन्या लेखांत हा शब्द स्वाहिली म्हणून दिला आहे, तो चुकीचा होय. मात्र दोन्ही भाषा बांटू कुळातील आहेत, आणि स्वाहिलीतील ‘कि-’ व मकोंदेतील ‘चि-’ हे उपसर्ग परस्परांशी संबद्ध आहेत. स्वाहिली लोक आपल्या भाषेस किस्वाहिली आणि मकोंदे लोक आपल्या भाषेस चिमकोंदे म्हणतात, त्यावरून हे ध्यानात येईल.

डिसेंबर २०१३ मध्ये कॅरिबियन बेटांत चिकुनगुन्या आढळला, तेव्हा जगाने त्याला अमेरिका खंडातील नवागत मानले. परंतु स्कॉट हॅलस्टेड यांनी २०१५ साली केरी यांच्या विवेचनाच्या आधारे दाखवून दिले की, १८२७-२८ ची ‘डेंगी’ची साथ हीच त्याची तेथील पहिली भेट असण्याचा संभव आहे. ज्याला उद्भव म्हटले गेले तो पुनरुद्भव होता. दोहोंमधील संबंध तुटला तो केवळ नाव बदलल्यामुळे.

५

तिसऱ्या प्रकारात व्याधी किंवा तिचा विषाणू उपस्थित असतो, पण त्याला नाव मिळालेले नसते. २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या एडिस डासांतून चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला होता. पुढे तो तपासला असता आफ्रिकी कुलाचाच ठरला. याचा अर्थ, २००६ च्या साथीच्या किमान पाच वर्षे आधी हे कुल महाराष्ट्रात पोचलेले होते. मधल्या काळात त्याने कोणाला ताप आणलाच नसेल असे मानणे कठीण आहे. पण तसे ताप आले असतील, तर ते ‘ताप’ या एकाच शब्दाखाली गेले.

१९६५ मध्ये नागपूर भागात चिकुनगुन्या व डेंगी यांची साथ चालू असताना घेतलेल्या रक्तनमुन्यांतून एक अगदी निराळा विषाणू सापडला. तो गावाच्या नावावरून चांदीपुरा म्हणून ओळखला जातो. त्याचा प्रसार डासांनी नव्हे, तर वालुमाशीने होतो. ज्ञात नावांच्या साथीत अज्ञात व्याधी कशी लपून राहते, याचे ते उदाहरण आहे.

अलीकडील उदाहरण पुरंदर तालुक्यातील बेलसरचे. जुलै २०२१ मध्ये त्या गावात तापाचे रुग्ण वाढले. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या ४१ नमुन्यांपैकी २५ मध्ये चिकुनगुन्या, तिहींत डेंगी आणि एकात झिका आढळला. महाराष्ट्रातील झिकाची ही पहिली नोंद होय. गावाच्या बोलीत सर्वत्र तापच आलेला होता. त्या एका शब्दाखाली तीन विषाणू नांदत होते. तपासणी झाली नसती, तर पुढील पिढीच्या अभ्यासकाला बेलसरच्या दप्तरात एकच साथ दिसली असती, आणि राज्यात झिका प्रथम आला तो कोणत्या तरी नंतरच्या वर्षी, असे त्याने निःशंकपणे लिहिले असते.

६

आता मराठीकडे वळावे. मराठीतील ‘हिवताप’ हा शब्द थंडी भरून येणाऱ्या तापाचे यथार्थ वर्णन करतो. संस्कृत वैद्यकाने विषमज्वराचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे भेद केले, ते तापाच्या आवर्तनावरून. लोकभाषेतील ‘पाळीचा ताप’ ही संज्ञाही आवर्तनावरूनच आली. ही सर्व नामव्यवस्था कालक्रमावर आधारलेली आहे, आणि हिवतापाच्या बाबतीत ती उत्तम काम देते. विषाणुज्वराला मात्र अशी ठराविक पाळी नसते. तो येतो, काही दिवस राहतो आणि जातो. त्याचे वैशिष्ट्य काळात नसून वेदनेत असते. त्यामुळे परंपरागत व्यवस्थेत त्याला स्वतःचे स्थान मिळाले नाही. ‘हाडमोड्या ताप’ हा शब्द वेदनेवरून बनला खरा, पण तो डेंगी व चिकुनगुन्या या दोहोंनाही लागू पडतो. शासकीय व्यवस्थेतही हाच वारसा दिसतो: डेंगी आणि चिकुनगुन्या यांचे नियंत्रण जिल्ह्यात ज्या अधिकाऱ्याकडे असते, त्याचे पदनाम जिल्हा हिवताप अधिकारी असे आहे.

२००६ मध्ये ‘चिकुनगुन्या’ हा शब्द मराठीत सर्वतोमुखी झाला, तो चिकुनगुनिया, चिकनगुनिया अशा अनेक रूपांनी. यांतील ‘चिकन’ या अंशामुळे कोंबडीच्या मांसाशी या रोगाचा संबंध जोडला गेला. ज्या लोकव्युत्पत्तीने वेस्ट इंडीजमध्ये ‘डँडी’ घडविला, तिनेच येथे ‘चिकन’ घडविले. फरक इतकाच की, ‘डँडी’ने निदान रोग्याची चाल तरी सांगितली, ‘चिकन’ने लक्ष रांजणावरून उडवून खुराड्याकडे वळविले.

परंतु नामांची ही उणीव मराठीच्या क्रियापदांनी भरून काढलेली आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘कणकण वाटणे’, ‘कसर असणे’, ‘हिव भरणे’, ‘फणफणून ताप येणे’ हे तापाचे भेद आहेत. ‘अंग मोडून येणे’, ‘अंग ठणकणे’, ‘सांधे धरणे’, ‘बोटे आखडणे’, ‘डोळ्यांच्या मागे कळ मारणे’ हे वेदनेचे भेद आहेत. ‘अंग मोडून आले’ आणि ‘सांधे धरले’ ही दोन वाक्ये मराठी बोलणारा मनुष्य एकाच अर्थाने वापरीत नाही. पहिल्यात वेदना सर्वांगाची आहे. दुसऱ्यात ती विशिष्ट ठिकाणी पकड घेऊन राहिली आहे. डेंगी आणि चिकुनगुन्या यांच्या वर्णनांत वैद्यक जो भेद करते, त्याच्या पुष्कळ जवळ हा भेद येतो. कुरुंद्यातील रोगी प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन बोलतो, तेव्हा हा भेद त्याच्या बोलण्यात असतो. नोंदवहीत मात्र ‘ताप’ एवढेच उतरते.

याचे परिणाम दोन. पहिला तात्कालिक आहे. सांधे धरलेला रोगी वेदनाशामक गोळी मागतो. ताप जर डेंगीचा असेल, तर अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून डेंगी नाही अशी खात्री होईपर्यंत ती टाळून पॅरासिटामॉलच द्यावे, असा वैद्यकाचा निर्देश आहे. नावाच्या घाईची किंमत येथे प्राणांनी मोजावी लागण्याचा संभव असतो. शिवाय लोकांच्या शब्दांवरून निदान ठरविणे योग्य नव्हे. सांधे धरणे डेंगीतही असू शकते. पण साथीत सर्वांचे रक्त तपासले जात नाही. कोणाचा नमुना घ्यावयाचा हे ठरविताना रोग्याचे बोलणे हाच पहिला आधार असतो.

दुसरा परिणाम दूरचा आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कुरुंद्याचा शोध घ्यावयाचा तर परभणीची दप्तरे पाहावी लागतात, आणि त्याही मागे हैदराबाद संस्थानाचा उर्दू कारभार लागतो. एकाच गावाचा ताप एका काळी ‘बुखार’, दुसऱ्या काळी ‘ताप’ आणि तिसऱ्या काळी ‘फीव्हर’ म्हणून लिहिला गेला, तर त्या तीन शब्दांवरून कोणता रोग परत आला हे सांगणे कोणाही अभ्यासकाला शक्य नाही. ‘सांधे धरले, दोन महिने उठवेना’ एवढे एक वाक्य जरी त्यांतील एखाद्या नोंदीशेजारी असते, तरी त्या वर्षाचा ताप ओळखण्यास आधार मिळाला असता. ख्रिस्ती यांच्या वर्णनातील तेवढ्याच वाक्यावर केरी यांना एका शतकानंतर निर्णय करता आला, हे विसरता येत नाही.

७

वरील विवेचनावरून असे दिसते की, पुनरुद्भव ही निसर्गात घडणारी एकच घटना नव्हे; दोन नोंदींच्या तुलनेतून निघणारे ते अनुमान होय. बार्शी आणि २००६ यांच्या बाबतीत नावाने साम्य दाखविले, पण भेद झाकला. झांझिबार आणि वेस्ट इंडीज यांच्या बाबतीत नावाने भेद दाखविला, पण साम्य झाकले. यवत आणि बेलसर येथे नावाच्या अभावाने अस्तित्वच झाकले. प्रयोगशाळा आजच्या रोगाचे नाव निश्चित करू शकते, परंतु ती ज्या ज्या गावी पोचत नाही, तेथील पुरावा शब्दांतच राहतो. नाव बदलते, निसटते, दुसऱ्याच व्याधीला जाऊन चिकटते; वर्णन तितक्या सहजासहजी निसटत नाही. म्हणून तापाच्या नोंदवहीत रोगाच्या नावाच्या रकान्याशेजारी रोग्याच्या स्वतःच्या शब्दांसाठी एक रकाना असणे, ही भाषेची हौस नव्हे. पुढच्या साथीत कुरुंद्यात जो ताप येईल, तो पूर्वी तेथे येऊन गेला होता की नाही, हे त्याच रकान्यावरून कळणार आहे.